पाहणीआधी उपसलेलं बावखल

महापालिकेचे साहेब बावखलाची पाहणी करायला येणार होते, म्हणून आदल्या दिवशी पंप लावून मी ते कोरडं ठणठणीत करून ठेवलं.

बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं, वाडवडिलांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पाऊस त्यात साठतो, जमिनीत मुरतो आणि आसपासच्या विहिरी खाऱ्या होऊ देत नाही. कितीतरी बावखलं भराव टाकून गिळली गेली. उरलेल्यांची सरकारदरबारी नोंद झाली तर ती बुजवता येणार नाहीत, म्हणून मी सभांमधून भाषणं ठोकत असे. शेवटी पाहणी मंजूर झाली आणि माझ्या अंगात पाहुणचार संचारला.

मी राहतो बोळिंजच्या फ्लॅटमध्ये. वाडीत राहते माझी काकी. केळी आणि मोगरा अजून तीच बघते. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, शेजारी बंगला बांधून तो पर्यटकांना भाड्याने द्यायला काढलाय. बावखलाच्या जागी त्याला पार्किंग हवंय. त्यावरून मायलेकांत बोलणं बंद आणि आम्हा दोघांत शिव्या चालू.

काकी बहिणीकडे चांदीपला गेली होती. उन्हाळ्यात गाळ काढायची आमच्याकडे रीतच आहे. म्हटलं, साहेबांनी शेवाळ आणि प्लास्टिक कशाला बघायचं? पंप नव्हता. चुलतभावाने स्वतःहून आणून दिला, वर पाईपही धरला. माणूस सुधारला, असं मला वाटलं. काठाला मी चुनासुद्धा मारला.

साहेब आले, वाकून बघितलं. "पाणी कुठेय?"

"उपसलं."

"कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, मी पाणी बघायला आलोय. हा खड्डा आहे. खड्ड्याची नोंद मी कशी करू?"

मी तावातावाने सांगितलं, की पाहणीच्या दिवशी पाणी दिसलं तरच नोंद हा नियमच आंधळा आहे, उन्हाळ्यात इथे निम्मी वाडी गाळ काढते, चार दिवसांत झऱ्यांनी बावखल पुन्हा भरतं. मुद्दा बरोबर होता. पण चुना लागलेल्या हातांनी मांडलेला मुद्दा कोण ऐकतो?

"नियम मी केलेला नाही," साहेब म्हणाले. "पुढची पाहणी पावसाळ्यानंतरच, तेव्हा पुन्हा येईन. तोवर असंच ठेवा. म्हणजे असं नको, भरलेलं ठेवा."

फाटकाशी उभा चुलतभाऊ गोड हसला. "दादा, उपकार झाले. मी उपसायला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच डंपर आले. काकी चांदीपहून पोचेपर्यंत दोन डंपर डेब्रिज कोपऱ्यात ओतून झालं होतं. तिने पिशवी खाली ठेवली, ओसरीवरची खुर्ची ओढत नेली आणि तिसऱ्या डंपरच्या मागच्या चाकांपाशी मांडून बसली.

"आई, उठ," चुलतभाऊ ओरडला. "साहेबच म्हणाले खड्डा आहे."

"मग टाक. आधी माझ्यावर टाक."

"तमाशा नको करू!"

"तमाशा तू मांडलास. मी नुसती बसलेय."

ड्रायव्हर खाली उतरला, दोघांकडे बघून म्हणाला, "सेठ, बूढी औरत पे मैं नहीं खाली करेगा," आणि भरला डंपर घेऊन निघून गेला. चुलतभावाने त्याला, मला आणि शेवटी आईलाही शिव्या घातल्या, अन् उद्या दुसरा ड्रायव्हर आणतो म्हणून बजावलं.

बावखलाच्या तळाशी तोवर घोटाभर पाणी झिरपलं होतं. काकी खुर्चीतून हलायला तयार नव्हती. पावसाळा संपेपर्यंत तिला रोज इथे बसावं लागणार, हे आता मलाही कळत होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "काकी, मी रजा टाकतो. राखणीला मी बसतो."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नको रे बाबा. माझ्या पोराला बावखल संपवायला डंपर लागतो. तुला नुसती सुट्टी मिळाली की पुरे."