नथीचं भोक

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि मेंदूच्या तळाशी एक ठिपका दाखवला. हिमँजिओब्लास्टोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची गाठ. तिच्यातून थोडा रक्तस्राव झाला होता, म्हणून माझा डावा गाल बधिर. ह्यांनी माझा हात धरला. मी विचार करत होते, लेकीच्या, सायलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायच्यात. रडू आलं नाही. गालाबरोबर आतलंही काहीतरी बधिर झालं असावं.

गाठ नाजूक जागी, ऑपरेशनात धोका फार. म्हणून सलाइनमधून अँटी-अँजिओजेनिक औषध द्यायचं ठरलं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं.

"गाठीची रसद तोडायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पण वाढ थांबली तरी पुष्कळ. एक लक्षात ठेवा, जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. दात काढायचा असो, छोटं ऑपरेशन असो, आधी मला विचारायचं."

आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

दर खेपेला आधी बीपी, लघवीची तपासणी, मग खुर्चीत सलाइन. समोर टीव्हीवर कुणाची तरी सासू रडत असे. मी बघत बसे.

लग्न जवळ आलं तशा आंबिवलीहून माझ्या थोरल्या नणंदबाई, ताई, राहायला आल्या. माझ्या नाकाचं भोक केव्हाच बुजलेलं.

"मुलीची आई बिननथीची उभी राहणार? आणि ती भोकाशिवाय चिमटून बसवायची दाबाची नथ आपल्याकडे चालत नाही हं," त्या म्हणाल्या.

कल्याणच्या सोनाराने पुन्हा नाक टोचून सोन्याची तार घातली. डावीच बाजू, काही कळलं नाही. ताईंनी माझ्या सोसण्याचं कौतुक केलं. नाक टोचणं हे आमच्यापैकी कुणाच्याच हिशेबी ऑपरेशन नव्हतं.

पुढे एकदा जेवताना सायली म्हणाली, "आई, अगं ओठावर रक्त आलंय तुझ्या." मला पत्ताच नव्हता. नाक सुजलं, भोक ओलंच राहिलं.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. आमचे डॉक्टरबाईंनी टोचले. तार काढली. "जखम भरेपर्यंत डोस बंद," त्या म्हणाल्या.

"आणि तोवर गाठ?" ह्यांनी विचारलं.

"वाट बघायची. डोकं दुखलं, तोल गेला, तर लगेच यायचं."

मी रोज आरशात नाक बघायची. हळूहळू खपली धरली. ताईंनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. जखम भरतेय म्हणजे औषध अंगातून उतरतंय. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागल्यात, त्या काय नाकापाशीच थांबणार? त्या दिवशी मी न्हाणीघरात बसून पोटभर रडले. किती दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

पुढच्या एमआरआयमध्ये गाठ होती तेवढीच निघाली, नवा रक्तस्राव नाही. औषध पुन्हा सुरू झालं. तुमचंही चालू असेल तर नाक, कान, गोंदण, सगळं आधी विचारा. हसतील डॉक्टर, हसू देत.

लग्नात ताईंनी स्वतःच दाबाची नथ आणली आणि माझ्या नाकाला लावली.

"दुखत नाही ना गं?"

पूर्वी मी लगेच नाही म्हटलं असतं.

"थांबा ताई," मी म्हटलं, "आधी आरसा द्या."