दोन्ही डावे

आमच्या ह्यांना एकच व्यसन होतं, ती गाडी. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी स्पोर्ट्स गाडी, सुरतेच्या कुणाकडून तरी जुनी घेतलेली. धुळ्यात गतिरोधक आला की तिचं पोट घासायचं आणि मी शेजारच्या सीटवर दातओठ खात बसायचे. मागच्या सीटवर माणूस मावत नसे. पारोळ्याच्या बाजारातली भाजी मात्र ऐसपैस बसायची.

ह्यांना तिच्यात एकच खोट दिसे, मागचे लाल दिवे. आमच्या मॉडेलला ते लांब पट्टीसारखे होते, नंतरच्या मॉडेलला गोल, पण त्याच खाचेत बसणारे. गोल दिव्यांनी गाडी मागून वेगळीच दिसते, हे मला जेवतानासुद्धा ऐकावं लागे. शेवटी फोनवर फोटो बघून त्यांनी सुरतेहून जोडी मागवली. न बघता वस्तू घेऊ नका, असं मी बजावलं होतं. शाळेत जन्म गेल्यामुळे आधी बजावणं आणि नंतर "मी म्हटलं होतं ना" म्हणणं, दोन्ही माझ्या अंगात मुरलेलं. हे दोंडाईचा स्टेशनवर जाऊन सुरतेच्या गाडीने आलेलं खोकं घेऊन आले, आणि ते माळ्यावर गेलं.

तिथे ते सात वर्षं राहिलं. दिवे कधी बसवणार विचारलं की उत्तर ठरलेलं, येत्या रविवारी. त्यांच्या आळसाची टिंगल मी पाहुण्यांसमोरही करायचे. हे नुसते हसायचे आणि सुपारी कातरत बसायचे.

गेल्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्धाच्या आधी निदान ही हौस तरी पुरी करावी म्हणून मी खोकं उतरवलं आणि गाडी हळूहळू चालवत गॅरेजात नेली. गॅरेजवाले नाना ह्यांच्याच वयाचे. नव्या दिव्याचं सॉकेट वेगळं होतं, म्हणून त्यांनी आधी वायरी जुळवून घेतल्या. डावा दिवा चपखल बसला. दुसरा हातात घेऊन ते बराच वेळ उलटसुलट बघत राहिले.

"अक्का, दोन्ही डावाच शेतस. उजवा नही शे."

मला आधी सुरतवाल्याचा राग आला. मग खोक्याकडे लक्ष गेलं. मूळची तपकिरी चिकटपट्टी फाडलेली होती आणि तिच्यावर निळी लावलेली, मी शाळेच्या तक्त्यांसाठी आणलेली. म्हणजे ह्यांनी खोकं तेव्हाच उघडलं होतं. चूक पाहिली, गुपचूप बंद केलं आणि वर ठेवून दिलं. आळशी म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं, पण माझं ते एक वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं. माझ्याच घरात हा माणूस त्या खोक्यापाशी इतकी वर्षं एकटा होता. मी गॅरेजातल्या स्टुलावर बसून रडले. नानांनी पाणी दिलं, उजवा शोधून देतो म्हणाले. मी नको म्हटलं.

डावा गोल, उजवा लांब, अशीच गाडी घरी आणली. संध्याकाळ झाली होती. गाडी मागे घेताना आरशात पाहिलं तर कुंपणाच्या भिंतीवर दोन तऱ्हेचा लाल उजेड पडला होता. मला हसूच फुटलं. सवयीने शेजारी वळून "मी म्हटलं होतं" एवढं बोलूनही गेले.

शेजारची सीट रिकामी होती. तिथे हे कधी बसलेच नव्हते, ती माझी जागा होती.