दहाच्या नोटेचा कान

आमच्या ह्यांना, म्हणजे बळवंतना, अख्खी विक्रोळी नोटवाले काका म्हणते. कंपनीतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण रविवारी सकाळी आमच्या दारात चपला मावत नाहीत. लोक डब्यातून, देव्हाऱ्यातून जुन्या नोटा काढून आणतात आणि हे खिडकीशी बसून भिंगातून बघतात. नंबर, सही, घडी किती खोल गेलीय, सगळं. दहातल्या नऊ जणांना सांगतात, "पाचाची पाचच आहे हो. भाजी आणा." फी घेत नाहीत, वर माझा चहा जातो.

हे खूळ लागलं माझ्यामुळे. तीस वर्षांपूर्वी ह्यांच्या पगारात एक दहाची नोट आली. कोपऱ्याला जादा कागद लोंबत होता, कानासारखा. वाणी घेईना. मी पडले ब्लाउज शिवणारी, वाकडी कड दिसली की हात शिवशिवतो. कात्रीनं सरळ कापली आणि रॉकेल आणलं. पुढे कळलं, अशा छापखान्यात चुकलेल्या नोटेला हौशी लोक हजारो मोजतात, पण कान शाबूत हवा. ही गोष्ट हे सगळ्यांना सांगतात. कुणी कापली विचारलं तर म्हणतात, "होता एक वाणी." त्याचाच मला राग येतो. एकदा शिव्या घालून मोकळं तरी व्हावं माणसानं.

गेल्या महिन्यात शेवंती मासळीवाली ब्लाउज न्यायला आली. बरोबर सासूचा, सोनूबाईचा, पत्र्याचा डबा. दर लक्ष्मीपूजनाला सोनूबाई त्यातल्याच नोटांना हळदकुंकू लावायची. शेवंतीनं ट्रॅक्टरवाली पाचाची नोट काढली. फोनवरचा कुणी तिचे तीन लाख देणार होता, फक्त आधी पाच हजार भरायचे. त्यासाठी सासूनं दिलेला बाजारातला ओटा ती जावेला विकायला निघाली होती, संध्याकाळी इसार घेणार होती.

"तीन लाख आल्यावर कोन बसतंय त्या घाणीत?"

ह्यांनी नोट पालथी करून पाहिली. "पाचच रुपये गो बाय. आणि आधी पैसे मागता तो चोर."

"तुम्हाला दुसऱ्याचं बरं बघवत नाय," शेवंती म्हणाली. शिलाईचे पैसे मशीनवर आपटले, कमी पडले तशी डब्यातली एक दहाची त्यावर टाकली आणि तरातरा खाली गेली. मला वाटलं, गेली बाई कामातून.

ती दहाची उचलली तर कोपरा आत दुमडलेला. उलगडला, आणि कान लोंबला. माझा हात सवयीनं कात्रीकडे गेला. ह्यांनी मनगट धरलं.

भिंग न लावताच त्यांचे डोळे भरले. मी म्हटलं, "देवानं परत दिली. शिलाईची आहे, आता आपली." खोटं कशाला बोलू, हाव सुटली होती मला. ह्यांनी पायात चपला सरकवल्या. लिफ्ट बंद, चार मजले, गुडघा दुखरा. मी गळ्यात टेप घेऊन मागे.

रिक्षा स्टँडवर गाठलं तिला. ह्यांनी नोट तिच्या हातात ठेवली. "लाख नाय येवचे, पण दहापेक्षा बरेच येतील. धू नको, कापू नको, विकूच्या आधी दोघांक दाखव. आणि ओटो सोडू नको."

शेवंती बघतच राहिली. "ठेवून घेतली असती तर मना कललं पन नसतं," म्हणाली. तिथूनच जावेला फोन लावून सांगितलं, ओटा देत नाय.

घाटकोपरच्या एका संग्राहकानं सहा हजार दिले. हळदीचे डाग नसते तर जास्त आले असते म्हणे. तिनं बर्फाची मोठी पेटी घेतली आणि काल सुरमई घेऊन आली. "काका, तुमची नोट कुनी कापलेली?"

"होता एक..."

"मी," मी म्हटलं. "ह्याच कात्रीनं."

हे माझ्याकडे बघून हसले. "हिची नोट नाय कापलंस मा?"

"तुम्ही हात धरलात म्हणून."

"मग झालां तर. तेव्हा हात धरूक मी घरात नव्हतंय."

मी सुरमई घेऊन मोरीत गेले आणि तीस वर्षांचं रडून घेतलं.