दाजींचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुकानात मिळते तशी घरात आणलेली नाही. माझी थोरली बहीण, अक्का, तेवढी जशी होती तशी लग्न करून आणली, आणि तिचेही सुटे भाग बदलून मिळाले असते तर त्यांनी चौकशी केलीच असती, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते. मला तो हक्क आहे. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी. मी चेष्टा नाही करायची तर कुणी करायची? सोनईला त्यांचा ऊस आहे, कांदा आहे, आणि पडवीभर पाने-पकडी आहेत. फवारणीचा पंप एका कंपनीचा, त्याची नळी दुसऱ्या कंपनीची, तोटी तिसऱ्याची. अक्काच्या मिक्सरला त्यांनी कुठली मोटार बसवलीय देव जाणे, ती चटणी वाटायला बसली की गल्लीतली कुत्री उठून वेशीकडं जातात. पण तो मिक्सर आजवर एकदाही दुरुस्तीला गेलेला नाही, हेही खरं. "तयार वस्तू घेनं म्हंजी दुसऱ्याच्या डोक्यानं जगनं, मेव्हणीबाई," असं दाजी म्हणतात, आणि म्हणताना हातात एखादा स्क्रू असतोच.

असा हा माणूस साखर कारखान्याच्या सभेत उठून उसाच्या वजनावर बोलतो, भावकीच्या भांडणात मधे पडतो, कुणाच्या बापाला भीत नाही. भितो तो फक्त स्वतःच्या. नाना, म्हणजे दाजींचे वडील, ओसरीवर आले की पन्नाशीचे दाजी खाटेवरून उठून खांबाला टेकतात आणि त्यांचा आवाज पोटात जातो. बापलेक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांच्या घरात ती रीतच नाही. सगळं अक्कामार्फत. "सुनबाई, त्याला इचार, कांद्याला पानी दिलं का?" की खांबाजवळून उत्तर, "नानांना सांग, दिलं." अक्का पोळपाटावरून मानही उचलत नाही, कारण सांगायचं काय? दोघंही एकाच ओसरीवर, तीन हातांच्या अंतरावर!

आता या घरात जन्माला आली ऋतुजा. माझी भाची म्हणून सांगत नाही, पण पोरगी कबड्डीच्या चढाईला निघाली की समोरच्या पोरींची बोबडी वळते. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तेव्हा मी श्रीगोंद्याला आमच्या अख्ख्या आळीत पेढे वाटले. इकडं सोनईला मात्र नानांनी फर्मान काढलं, "लई झालं खेळनं. औंदा चांगलं ठिकान आलंय. हातपाय मोडून घेतल्यावर कोन करून घेनार पोरीला?" ऋतुजा रडत आत गेली. दाजी खांबाला टेकून नुसते "व्हय नाना" म्हणाले. मला अक्काचा फोन आला तशी मी त्यांना फोनवरच झाडलं, "दाजी, पोरीचं वाटोळं होतंय आणि तुमच्या जिभेला काय लकवा मारलाय का?"

"नानांपुढं बोलायचं न्हाई, मेव्हणीबाई," ते शांतपणे म्हणाले. "नानांना दावायचं."

म्हणजे असं, की नानांनी नातीचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. परगावी जाणं त्यांना झेपत नाही आणि मोबाईलवर त्यांना माणूस मुंगीएवढं दिसतं. दिवाळीनंतर राज्याच्या संघासाठी निवडीचे सामने होणार होते आणि ते इंटरनेटवर थेट दिसणार होते. तेव्हा घरातल्या पांढऱ्या भिंतीवर नानांना नात उभी करून दाखवायची, असं दाजींनी ठरवलं. त्यासाठी प्रोजेक्टर, स्पीकर आणि ते चालवायला एक कॉम्प्युटर. मी म्हटलं, मोठा टीव्ही आणा की सरळ! "तयार वस्तू?" म्हणून त्यांनी फोनच ठेवला. बापाला एक वाक्य बोलण्यापेक्षा या बाबानं अख्खा कॉम्प्युटर जोडायला घेतला!

आणि मग सुरू झाली निवड. अगंबाई, मुलीसाठी स्थळ बघतानाही कुणी एवढी चौकशी करत नसेल. अमुक प्रोसेसरचं तमुक मदरबोर्डशी जमतं का, रॅम त्या घरात नांदेल का, पॉवर सप्लायचं घराणं खात्रीचं आहे का, हे ते दुपारी जेवून झालं की मला फोनवर विचारायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देणारी बाई, मला काय कळणार? पण ऐकून ऐकून मीही पंडित झाले. ग्राफिक कार्ड त्यांनी पहिल्याच फेरीत बाद केलं. "लई खानार, लई तापनार. भिंतीवर चित्र दावायला पैलवान कशाला?" फिरती हार्ड डिस्क कुरकुर करते म्हणून ती बाद. सोनईची लाईट कधी डोळे मिचकावते तर कधी वटारते, म्हणून पॉवर सप्लाय मात्र उत्तमातला उत्तम. पण खरं घोडं अडलं पंख्यापाशी. नाना कानाला मशीन लावतात, आणि त्या मशीनला बोलणं आणि घरघर सारखीच प्यारी. माणसाच्या आवाजाबरोबर ती पंख्याची घरघरही कानात ओतते. म्हणून दाजींना असा कॉम्प्युटर हवा होता, की जो चालू आहे हे कानाला कळता कामा नये.

त्यासाठी त्यांनी काय केलं असेल? "नानांना सांग, मशीन साफ करून आनतो," असं अक्काकरवी कळवून नानांचं कानाचं मशीनच खिशात घातलं आणि नगरला आले. मलाही तिथंच बोलावलं. दुकानात ते मशीन स्वतःच्या कानात घालून, डोळे मिटून दाजी उभे राहिले आणि म्हणाले, "एकेक पंखा चालू करा." दुकानदार भला माणूस. गिऱ्हाईक बहिरं आहे असं समजून तो त्यांच्या कानाशी ओरडला, "कुठला लावू?" दाजी असे उडाले की मागचे दोन कीबोर्ड खाली आले. "हळू! मी बहिरा न्हाई हो!"

"मग हे कानात?"

"हे वडलांचं हाय."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. पण का कोण जाणे, त्यानं उठून दुकानातला मोठा पंखा बंद केला, एसी बंद केला, इतर गिऱ्हाइकांना गप्प बसवलं, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन दाजींचा चेहरा बघत राहिलो. शेवटी एका मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यापाशी त्यांच्या कपाळावरची आठी मोडली. तिकडं घरी नानांशी बोलून बोलून अक्काचा घसा बसला होता, तो दसऱ्यापर्यंत उघडला नाही.

दसऱ्यावरून आठवलं. सगळे भाग जमले आणि खंडेनवमी आली, मी सणाला सोनईलाच होते. त्या दिवशी घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा. ट्रॅक्टर, कोयता, पाने, पंप, सगळं न्हाऊनधुऊन बसलेलं. दाजींनी मदरबोर्डही उघडाच पाटावर मांडला. अक्का ताट घेऊन ओल्या बोटांनी हळदकुंकू लावत लावत तिथवर आली. प्रोसेसर बसवायची चौकोनी जागा मधोमध मोकळी होती. तिला वाटलं, ही कुंकवासाठीच ठेवलीय. तिनं पाची बोटं भक्तिभावानं टेकवली. आत केसाहून बारीक तारा असतात, हे तिला कोण सांगणार? बोर्ड गेला. अक्का तोंडाला पदर लावून रडायला लागली. सामने दिवाळीनंतर, आणि पोरीचं नशीब आपण कुंकवात बुडवलं, हे तिला सोसेना. आता दाजी भडकणार म्हणून मी मधे पडायला उठले, तर ते पाटापाशी बसून हळूच म्हणाले, "रडतीस काय, येडे? नव्या सुनंला कुंकू मानवलं न्हाई. दुसरी बघू."

अक्का रडता रडता म्हणाली, "दुसरी बघा, पण मदरबोर्डच बघा!"

तसला बोर्ड परत मिळेना. जो मिळाला त्यात जुना प्रोसेसर बसेना. एक सोयरीक मोडली की सगळी बोलणी पहिल्यापासून! घरात करंज्या तळल्या जात होत्या आणि दाजी पाटावर बसून स्क्रू पिळत होते. भाऊबीजेला सोनईत मी ओवाळून घ्यायला आलेल्या भावाकडं कमी आणि त्या कॉम्प्युटरच्या पेटीकडं जास्त बघितलं.

सामन्याच्या संध्याकाळी नाना कुरकुरतच आत आले. "सुनबाई, कसला शिनेमा दावतोय हा?" कॉम्प्युटर चालू होता, पण मला पेटीवर हात ठेवून खात्री करावी लागली, इतका गप्प. आणि भिंतीवर एकदम ऋतुजा आली. पुरती माणसाएवढी. नाना पुढं वाकले. "ही आपली?" "आपलीच," अक्का म्हणाली. पोरगी चढाईला गेली, आणि त्या शांत खोलीत तिचा दम भरून राहिला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. नानांच्या कानात दुसरं काहीच नव्हतं. तिघींनी तिला धरलं, खाली पाडलं, आणि तिघींना ओढत ती रेषेकडं सरकायला लागली. नाना काठी टाकून उभे राहिले. "वढ! वढ, माझे आई, वढ!"

तिची बोटं रेषेला लागली. मी किंचाळले, अक्का किंचाळली. खरं सांगते, माझ्या छातीत अभिमान मावेना, भाचीचाही आणि त्या पेटी जोडणाऱ्याचाही. मागं वळून पाहिलं तर दाजी भिंतीकडं बघतच नव्हते. सगळा सामना त्यांनी नानांच्या तोंडाकडं बघत काढला होता.

सामना संपल्यावर नानांनी खाली पडलेली काठी उचलली. मग म्हणाले, "सुनबाई, पाव्हन्यास्नी निरोप धाड. म्हनावं, पोरगी खेळतीया, तिला सवड न्हाई." उंबऱ्यापाशी थांबून, मागं न बघता म्हणाले, "आनि त्याला म्हनावं, लई बेस काम केलं." दाजी तिथंच उभे होते, हात लांब केला तर लागावेत इतक्या जवळ.

नाना बाहेर गेले. दाजी खाली मान घालून वायरी गुंडाळायला लागले. गुंडाळून झाल्या, तशा त्यांनी परत सोडल्या आणि परत गुंडाळल्या. मग अक्काजवळ येऊन हळूच म्हणाले, "काय म्हनाले गं नाना?"

"ऐकलंत की तुम्ही. एवढं मोठ्यानं तर म्हणाले."

"ऐकलं. तरी तू सांग."

अक्कानं हातातलं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि सांगितलं.