ताईचा बेस आणि उलटी गुंडाळी

चौकातल्या पंप-पंखे दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला सगळे वेटोळे म्हणायचे. हे काही आडनाव नव्हे. तीस वर्षं मोटारींवर तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून पडलेलं नाव. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर त्यांना स्वतःलाच जरा आठवावं लागायचं. आपण गुंडाळलेली मोटार कधी परत आली नाही, हा त्यांचा अभिमान, आणि गिऱ्हाइकाने न विचारताही ते तो ऐकवत.

त्या अभिमानामागे एक वही होती. मोटार उघडली की जळकी तार काढण्याआधी वेटोळे वहीत चित्र काढत. तार कुठून सुरू, कुठल्या दिशेने, किती वेढे, कुठे संपली. चित्र झाल्याशिवाय कात्रीला हात लावायचे नाहीत. घाईतलं गिऱ्हाईक चडफडायचं. वेटोळे शांतपणे म्हणायचे, "तार मुकी असते हो. एकदा कापली की कुठून आली ते सांगत नाही."

त्यांची थोरली बहीण, ताई, शेजारच्याच गल्लीत राहायची. दिवसभर टपाल कचेरीत शिक्के मारायची आणि संध्याकाळी नाचाच्या हॉलमधल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. चार जाड तारांचं वाद्य, सूर इतके खालचे की कानाआधी पोटाला कळतात. वीस वर्षं तिने वाजवलं. मग जिन्यावरून पडली आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले हात ठणठणीत आहे. ताईला काही ते पटलं नाही. तिचा बेस लांब आणि जड. त्याच्या मानेच्या, म्हणजे तारा ताणलेल्या दांडीच्या, टोकाकडच्या पहिल्या पट्टीपर्यंत हात ताणला की कळ यायची. शेवटी बेस पलंगाखाली गेला. दोन वर्षं त्या हाताने तिने चहाची किटलीसुद्धा उचलली नाही. बाजारातून येताना पिशवी न बोलता भावाच्या हातात द्यायची, आणि तोही न बोलता घ्यायचा. एरवी दहा माणसांना पुरून उरेल एवढं बोलणारी बहीण गप्प होत चालली होती, आणि वेटोळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

अशात बँडच्या ड्रमवाल्याचा निरोप आला. त्यांचा बेसवाला दुसऱ्या गावी निघून गेला होता. "रविवारी दुपारी ये. तीन गाणी वाजव. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर दुसरी एक जण बघून ठेवलीय. मी तोंडदेखलं बोलणार नाही."

ताईने साफ नकार दिला. वेटोळे तिला "नुसतं बघायला" म्हणून जुन्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने एकाहून एक चकचकीत बेस पुढे केले. ताईने रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. बेस मांडीवर घ्यायची आणि डावा हात सोडून द्यायची. बेसची मान खाली कलली की तो परत. "स्वतःची मान ताठ ठेवता ठेवता पुरेवाट झालीय," ती म्हणाली, "आणखी एक कोण उचलून धरणार?" दोन महिन्यांत तिने केलेला हा पहिला विनोद. वेटोळे गरजेपेक्षा जास्तच मोठ्याने हसले.

कोपऱ्यात रंग उडालेला, आखूड मानेचा एक हलका बेस होता. तो मांडीवर जागचा हलला नाही. ताईने गाल लाकडाला टेकवला आणि जाड तार छेडली. मग बोट पहिल्या पट्टीवर नेलं आणि तिथेच थांबली. कळ आली नव्हती.

"तो नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "ह्याला दोन पिकअप आहेत, त्यातला पुढचा मेलाय." पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबकांवरची बारीक तारेची गुंडाळी. तारांची थरथर तिथे पकडली जाते आणि ॲम्प्लिफायरकडे जाते. वेटोळ्यांनी वाकून पाहिलं. गुंडाळलेली तार म्हटल्यावर ते थोडेच ऐकणार!

"घे," ते बहिणीला म्हणाले. "बाकी मी बघतो."

तीन दिवस ते त्या गुंडाळीशी झटत होते. तार केसाहून बारीक, चार वेळा तुटली. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. घरचंच तर काम, कोण विचारतंय, असं म्हणून वही उघडलीच नाही. जुनी तार ब्लेडने कापून टाकली आणि हाताच्या सवयीने नवी गुंडाळली. पिकअप दणक्यात वाजू लागला. ताईनेही रविवारी जायचं ठरवलं. घरी सराव करताना तिने भावाचा मान राखायचा म्हणून तेवढाच चालू ठेवला. मागच्या पिकअपचं आवाजाचं बटण तिने फिरवलंसुद्धा नाही.

रविवारी हॉलमध्ये वेटोळे मागच्या खुर्चीत बसले. ताईने जुन्या सवयीप्रमाणे दोन्ही बटणं पूर्ण उघडली. ड्रमवाल्याने चार ठोके दिले, आणि बेसमधून निघाला एक किरटा, पोकळ आवाज. पोटाला काही कळेचना. ताई तारा जास्त जोराने दाबू लागली. दुसऱ्या गाण्यात तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. ड्रमवाला तिच्याकडे बघायचं टाळू लागला. तिसरं गाणं सुरूच झालं नाही. ताईने हात खाली सोडला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझा हात गेलाय. त्या दुसरीला बोलाव."

हा पोकळपणा वेटोळ्यांच्या ओळखीचा होता. दुसऱ्यांनी बिघडवलेल्या मोटारीत त्यांनी तो शंभरदा पाहिला होता. एक गुंडाळी उलटी बसली की दोघी एकमेकींचं काम खोडत राहतात, आणि मोटार जागच्या जागी नुसती गुरगुरते. ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. सगळ्यांनी मनगटालाच दोष दिला असता.

ते उठले. "हात गेलेला नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "चूक माझी आहे. मी तार उलटी गुंडाळली. ताई, मागचा पिकअप बंद कर आणि वाजव."

ताईने बटण फिरवलं, तार छेडली. तो खालचा सूर लाकडी जमिनीतून थेट खुर्च्यांच्या पायांत उतरला. ड्रमवाल्याने मान वर केली.

हॉलच्या साउंडवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न घेऊन वेटोळ्यांनी पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली. दहा मिनिटांचं काम, पण घाम तासाभराचा. मग दोन्ही बटणं उघडून ताईने तिन्ही गाणी वाजवली. दुसऱ्यात तर तिने डोळे मिटले होते. वेटोळे तिच्या मनगटाकडे बघत राहिले आणि कुणाला दिसू नये म्हणून चष्मा पुसत बसले.

"मंगळवारी सहाला," ड्रमवाला म्हणाला. "सहा म्हणजे सहा."

बेस पिशवीत घालताना ताईने विचारलं, "घरचं काम म्हणून वही उघडली नाहीस ना?"

"नाही उघडली."

"आज माझंही पान काढ. गिऱ्हाईक म्हणून." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली, "हात चांगला होता रे माझा."

"चांगलाच होता."

वेटोळ्यांनी नेहमीप्रमाणे पिशवीकडे हात नेला. ताईने डाव्या हाताने पट्टा ओढला, पिशवी खांद्यावर टाकली आणि त्यांच्या आधी दारातून बाहेर पडली.