हार घातलेली जीप

दवाखान्याच्या जीपचा क्लच जळाला आहे, हे मूल गावच्या मिस्त्रीने आज दुपारी गाडी खोलून सांगितले. नवे इंजिन बसवताना क्लच ज्याला टेकतो ते चाक, फ्लायव्हील, जुनेच ठेवले होते. त्यावर क्लचप्लेट नीट बसतच नव्हती.

मित्रहो, सकाळी एक माणूस बाळंतपणात अडलेल्या बायकोसाठी जीप मागायला आला. ड्रायव्हर, तो आणि मी तिला आणायला निघालो. गावाबाहेरच्या चढावर इंजिन नुसते ओरडले, जीप हलेना. ढकलत परत आणली.

"आधी चालवून का नाही पाहिली?" मी ड्रायव्हरवर भडकलो.

"उद्घाटनाचे साहेब म्हणे, हार घालून नारळ फुटल्याबिगर हलवाची नाई. काल फुटला भाऊ, मंग फोटो काढतच सांज झाली."

"माही बायको तुमच्या फोटोत बसून येणार हाये का?" एवढे बोलून तो माणूस बैलगाडी जुंपायला धावला.

हा मुहूर्त नेमका कुणासाठी होता? तिला घेऊन बैलगाडी दिवेलागणीपर्यंत दवाखान्यात पोचेल, असे डॉक्टर म्हणतात.