मुठीतला फोन

थोपटमावशींच्या पाळणाघरात दुपारी पोर झोपलं नाही असं कधी व्हायचं नाही. रडकं, हट्टी, नुकतंच आईचा हात सोडून आलेलं, कसलंही असो. मावशींनी पाठीवर हात ठेवला की बघता बघता ढाराढूर. झोपलेल्या मुठीतून गाडी किंवा बाहुली काढून घेण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. करंगळीपासून सुरुवात करायची, एकेक बोट सोडवायचं, पोराला पत्ताही लागत नाही. काढलेलं खेळणं दाराजवळच्या टोपलीत जायचं.

पण सगळ्यांना झोपवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि त्याला कारण पालकांचा ग्रुप. पूर्वी आया संध्याकाळी यायच्या, ‘जेवली का, झोपली का’ विचारायच्या आणि विषय संपायचा. आता प्रत्येक झोपलेल्या पोराचा फोटो हवा. फोटो गेला की शंका येतात, आणि त्या नेमक्या रात्री येतात. यात चिमणीची आई सगळ्यांच्या पुढे. ‘गाल लाल का दिसतोय?’ ‘पांघरूण अर्धंच का?’ मावशी उशाखालून फोन काढून उत्तर लिहायच्या आणि ते उद्धट तर वाटलं नाही ना, म्हणून पुन्हा पुन्हा वाचत बसायच्या. नवरा म्हणायचा, “बंद कर की तो.” बोलायला काय जातं! एका आईचं मन उडालं की बाकीच्यांचं उडायला वेळ लागत नाही, आणि घर तर या पाळणाघरावर चाललेलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका दुपारी चिमणीला थोपटता थोपटता मावशींचाच डोळा लागला. फोटो गेले नाहीत. दुपारी त्यांच्या फोनचा आवाज बंद असायचा, त्यामुळे चिमणीच्या आईचे फोन येऊन येऊन थांबले. मग ती ऑफिसातून धावतच आली. भांडी घासता घासता उठून मदतनीस बाईंनी दार उघडलं, तर आत मावशी भिंतीला टेकून चक्क घोरत होत्या. हात मात्र चिमणीच्या पाठीवर चालूच होता.

मग जे भांडण झालं ते सगळं कुजबुजत. पोरं उठतील ना!

“झोपलात तुम्ही? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!”

“चुकलं माझं. रात्रीची झोपच नाही हो.”

“मग हिला ठेवू कुणाच्या भरवशावर? उद्यापासून नाही पाठवत मी.”

मावशींनी इतके दिवस गिळलेलं बाहेर पडलं. “खुशाल नका पाठवू. पण रात्री तुमचा मेसेज येतो, मी उत्तर देते आणि मग छताकडे बघत पडून राहते. तुम्ही तरी झोपता का कधी?”

चिमणीच्या आईनं झोपलेल्या लेकीकडे बघितलं. “साहेब रात्री कामं धाडतात,” ती म्हणाली. “ती करता करता हिचे फोटो बघते. जागी अशी दिसतेच कुठे मला?”

चिमणीनं कूस बदलली. दोघी चिडीचूप. मावशींनी बोटानं खूण केली, तशी आई लेकीशेजारी आडवी झाली. मावशींचा हात सवयीनं लेकीवरून आईच्या पाठीवर गेला. ‘आता ही खवळणार’ असं मनात येतंय तोवर ती झोपलीसुद्धा.

तिच्या मुठीतला फोन थरथरत होता. पडद्यावर साहेब. मावशींनी करंगळीपासून सुरुवात केली. फोन टोपलीत गेला, गाडी आणि बाहुलीच्या मधे. जरा थांबून त्यांनी स्वतःचाही त्यात टाकला. दुसऱ्याचा फोन काढून घेणं हा आगाऊपणाच, पण त्या घटकेला त्यांना तो मुळीच वाटला नाही.

उन्हं उतरल्यावर पोरं उठली. चिमणी बघते तर शेजारी आई! तिनं ओठांवर बोट ठेवून बाकीच्यांना दटावलं आणि आईला थोपटायला लागली.

आई उठली ती फोन चाचपडतच. टोपलीतून काढून तिनं बघितला, साहेबांचे बरेच कॉल येऊन गेले होते. मावशी जीव मुठीत धरून उभ्या.

“उद्या हिला घेऊन येते,” ती म्हणाली. “फोटो नकोत. आणि रात्री मी काही लिहिणार नाही.”

“लिहिलंत तरी मी वाचणार नाही.”

ती हसली. चिमणीला कडेवर घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. “मावशी, मला शेवटचं कुणी थोपटलं होतं, आठवतच नाही.”

“मला तरी कुठे आठवतंय?”

चिमणीनं हे ऐकलं. आईच्या कडेवरून वाकून तिनं मावशींचा खांदा थोपटला, अगदी मावशी थोपटतात तसाच. मावशींना हसू यायला हवं होतं. रडू आलं.